तेरा हजार फुटांवरचा पडदा

"दोन हंस काढ म्हणून राह्यलो, दोन. तुही किडनी नाई मागून राह्यलो," बाबाराव म्हणाले.

स्टुलावर उभ्या डोमाजीनं ब्रश थांबवला नाही. "तिथं हंस नाई होते, शेठ."

"कोण पाह्यले गेलतं?"

"मी."

हे खरं होतं, आणि तीच पंचाईत होती.

आर्वीच्या एसटी स्टँडसमोर बाबारावांचा फोटो स्टुडिओ. लग्न जमवायचे फोटो तिथेच, बर्फाच्या डोंगरांचा देखावा रंगवलेल्या पडद्यापुढे निघत, त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या मुली काश्मीरच्या वाटत. जुना पडदा उंदरांनी खाल्ला आणि नवा रंगवायला डोमाजीला बोलावलं. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवी.

सत्त्याण्णव साली वर्ध्याच्या मास्तरांची टोळी हिमालयात पायी फिरायला गेली, तिच्यासोबत डोमाजी स्वयंपाकाला गेला होता. तेरा हजार फुटांवर तुरीची डाळ शिजत नाही, हे भूगोलाच्या मास्तरांनाही माहीत नव्हतं. दोष डोमाजीला लागला. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. समोर तळं होतं, तेच आता तो पडद्यावर उतरवत होता. राखीव जंगलातलं. बोट नाही, साबण नाही, गोटा उचलायचा नाही. याच्या खिशात एक निघाला, तो गार्डानं जागच्या जागी परत ठेवायला लावला.

तेव्हापासून दोन वर्षं त्याची बायको प्रमिलाबाई म्हणत होती, "एक गोटा तरी आणाचा. खरंच गेलता, का वर्ध्यालेच झोपून आला?"

"आन पानी काळं काऊन?" बाबाराव म्हणाले. "पोराकडचे म्हणतीन, पोरगी नालीवर उभी हाय."

"खोल पानी काळंच राह्यते."

"उद्या फोटोले दोन पोरी येऊन राह्यल्या. मी जेवून येतो. तोवर पानी निळं, हंस दोन, बोट एक. नाईतर पुन्हा इथं पाय नको ठेवजो." पांढऱ्या रंगाचा डबा पुढे सरकवून ते गेले.

डोमाजीनं डबा उघडला. तळ्याच्या काठावर त्यानं एक पाटी उभी केली. पाट्या हा त्याचा धंदाच, अक्षर मोत्यासारखं.

'राखीव जंगल. येथे कपडे धुण्यास, बोट चालविण्यास व हंस सोडण्यास मनाई आहे. हुकमावरून.'

बाबारावांनी परत आल्यावर ते दोनदा वाचलं. "कोनाचा हुकूम?"

"गार्डाचा. हंसाचं मी जोडलं."

"तुहा तलाव घरी घेऊन जाय," बाबाराव शांतपणे म्हणाले. "आन तूबी जाय."

ओली पाटी वर राहील असा पडदा गुंडाळून त्यानं सायकलला आडवा बांधला. स्टँडपाशी दोन एसट्यांना थांबावं लागलं. त्यानं घंटी वाजवली नाही.

घरात पडदा मावेना, म्हणून अंगणातल्या धुण्याच्या दोरीवर टाकला. प्रमिलाबाई पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली. तिनं पाटी वाचली. काळ्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गोटा कुठचा होता?"

डोमाजीनं पाटीच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथे एक राखाडी गोटा रंगवलेला होता, सुपारीएवढा.

तिनं बादली उचलली आणि कपडे वाळत घालायला शेजारच्या शोभाबाईकडे गेली.