दुसरं व्हायोलिन

“हे ते नाहीच,” लेक म्हणाली आणि चारही वादकांचे गज तारांवरच थांबले.

नोंदणी पद्धतीचं लग्न तोंडावर आलं होतं. सभागृहात खुर्च्या अजून एकावर एक रचलेल्या होत्या. नवरानवरीने दारापासून सह्यांच्या टेबलापर्यंत चालत यायचं, तेव्हा काय वाजवायचं हे लेकीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. लहानपणापासून घरात ऐकलेली एक संथ, जुनी पाश्चात्त्य शास्त्रीय रचना. जावयाने त्यासाठी हे चार तरुण वादक आणले होते.

“ताई, हेच आहे,” पुढे बसलेली मुलगी म्हणाली. “त्या रचनेला दुसरी चाल नाही.”

“अगं, मी ती झोपेतही ओळखेन!” लेकीने गुणगुणून दाखवलं. दोन सूर खालीवर, मग एक लांब सूर, पुन्हा तेच दोन.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या व्हायोलिनवरचा मुलगा चाचरत म्हणाला, “अहो, हे तर मी वाजवतोय.”

माझे यजमान, आमचे हे, भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे कान लाल झाले. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण ते लाल कान मला अजून दिसतात.

ह्यांनी सगळी नोकरी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत काढली. पहिलं व्हायोलिन चाल वाजवतं, दुसरं तिला खालून आधार देतं. घरी सराव चालायचा तो अर्थात त्यांच्या वाट्याचाच. शेजारीणबाई म्हणायच्या, “तुमच्याकडे रोज भिंती उभ्या राहतात, छप्पर काही चढत नाही!” लेक त्या भिंतींतच वाढली. लहान मुलांना कार्यक्रमाला आत सोडत नसत, आणि मोठी झाली तशी ती शिकायला परगावी गेली. तिला वाटलं, गाणं एवढंच असतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही वाजवा.”

“वेडी का काय तू? दुसरं व्हायोलिन एकटं कुणी वाजवतं का? लोक म्हणतील, म्हातारा अर्धं गाणं घरी विसरून आला.”

“म्हणू देत.”

“अगं, लग्न तुझं आहे. त्यात पुरतं गाणं हवं. त्या पोरांनी काय सुरेख वाजवलं!”

“सुरेखच वाजवलं. पण त्यावर माझं पाऊल पडेना, बाबा. दुसऱ्याच कुणाच्या लग्नात शिरल्यासारखं वाटलं.”

हे उठून आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, तर व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन पलंगावर बसलेले. पेटी बंदच होती.

“एकट्याने कधी वाजवलं नाही गं मी,” ते म्हणाले. “चुकलो तर झाकून घ्यायला पुढे कुणी नसणार.”

“आणि बरोबर वाजवलंत, तर तेही झाकायला कुणी नसणार.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुझ्या जिभेला काही हाड?” म्हणाले. पण पेटी उघडली.

लग्नाच्या सकाळी सभागृह भरलं. हे एका बाजूला, एकट्या खुर्चीवर बसले. त्यांनी सुरुवात केली तरी लोकांच्या गप्पा चालूच. विहीणबाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, “सूर जुळवून झाले की सुरू करतील ना?”

“सुरू झालंय,” मी म्हटलं.

त्या सावरून बसल्या. हळूहळू कुजबूज विरली. ह्यांचा गज रोजच्यासारखा सरळ चालू लागला. दार उघडलं. लेक आणि जावई आत आले. लेकीचं पाऊल त्या दोन सुरांवर असं पडत होतं, जणू घरातल्या घरात ती या खोलीतून त्या खोलीत निघाली आहे.

रचनेत मध्ये एक जागा येते. तिथे पहिलं व्हायोलिन एकटंच उंच जातं आणि दुसऱ्याने नुसतं थांबायचं असतं. ह्यांनी गज गुडघ्यावर ठेवला. सभागृहात चिडीचूप. कुणाला वाटलं, संपलं. एक टाळी वाजली आणि ओशाळून थांबली. हे ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत होते, मान खाली घालून, चेहरा घामाने भिजलेला. जावई आपल्याच नादात पुढे गेला होता. वळून बघतो तर लेक जागच्या जागी उभी. तिला घाई नव्हती. पुढे काय येतं, ते तिला ठाऊक होतं. तो मुकाट्याने परत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

ह्यांनी गज उचलला. मग तिने पाऊल टाकलं.