नाक उघडं ठेवा

एकोणीसशे ब्याऐंशी सालची गोष्ट. किनाऱ्यावर डॉल्फिन नाहीतर देवमासा येऊन पडला की लोक ज्या कचेरीत फोन करायचे, तिथला फोन ती उचलायची. जिवंत डॉल्फिन तिने जन्मात पाहिला नव्हता, पण सल्ला देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "ओली चादर घाला. शेपटी ओढू नका. डोक्यावरचं नाक उघडं ठेवा, तो श्वास तिथूनच घेतो!" घरी जेवतानाही हीच पोपटपंची. नणंद म्हणायची, "वहिनी, मीठ वाढता, की आधी नाक उघडं ठेवू?"

एका रविवारी दोघी समुद्रावर गेल्या, तर ओहोटीच्या वाळूत खराखुरा डॉल्फिन! हिच्या अंगात वीज संचारली. बसायला आणलेली चादर तिने पाण्यात बुचकळली आणि तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी डोक्यापासून शेपटीपर्यंत नीट खोचली. मग कमरेवर हात ठेवून जमलेल्या लोकांकडे वळली. "घाबरू नका. मी कचेरीतलीच आहे."

मागे शेपटी वाळूवर आपटू लागली.

"बघा, कसा खूश झाला!"

"खूश कसला, गुदमरतोय! वहिनी, नाक झाकलंत त्याचं!" नणंदेने चादर मागे ओढली. फुस्सकन फवारा उडाला, तो थेट कचेरीतल्या बाईंच्या तोंडावर. लोक खोखो हसले. हिचा जीव मात्र टांगणीला लागला होता. पुढचा श्वास येईल ना? आला. मग आणखी एक.

तोंडही न पुसता ती वाळूत बसली. "वन्सं, तुम्ही सांगा, मी करते."

"मी काय सांगू? तुमचंच ऐकून पाठ झालंय मला. पाणी घाला. नाकात नको!"

भरती येईपर्यंत दोघी जेवणाच्या डब्याने पाणी घालत राहिल्या. मग चौघांनी चादरीच्या झोळीतून त्याला खोल पाण्यात सोडलं.

तो पुन्हा कुणाला दिसला नाही, म्हणजे सुखरूपच असणार, असं ती अजून मानते. निवृत्त होईपर्यंत ती त्याच खुर्चीत बसली, फोनवर फक्त एक वाक्य वाढलं, "आणि झाकल्यावर एकदा वळून बघा." नणंद गेल्या हिवाळ्यात गेली. त्याआधी दवाखान्यात हिने तिच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं, तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "वहिनी, नाक!"