भिजवायची राहिलेली माती

मृदापरीक्षकांनी खड्ड्यात उतरवलेली मोजपट्टी वर काढली, ओल्या रेघेवर अंगठा टेकवला आणि घड्याळ पाहिले. तासाभरात पाणी जेमतेम बोटभर उतरले होते. काल दुपारी भरलेला तो खड्डा रात्रभर तुडुंब ठेवला होता. भिजून फुगलेली चिकणमाती आता पाण्याला वाट देईना. एके काळी शेत असलेल्या या पट्ट्यावर घरे बांधली, तर त्यांच्या सेप्टिक टँकचे सांडपाणी ही जमीन पोटात घेणार नव्हती.

कुंपणापलीकडे, त्याच शेताच्या दुसऱ्या अर्ध्यावर, सहा घरे उभी होती. त्या जागेचा निर्वाळा चार वर्षांपूर्वी याच परीक्षकांनी दिला होता. तो ऐन उन्हाळा होता, त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी पोहोचायचे होते. माती रात्रभर भिजवण्याचा विधी त्यांनी कागदावरच उरकला. भेगाळलेली जमीन घटाघटा पाणी प्यायली आणि त्यांनी 'योग्य' असे लिहून सही केली.

"झालं का हो साहेब? अजून लागलं तर नळी सोडते." पहिल्या घरातली बाई कुंपणाशी आली. कालपासून पाणी तीच पुरवत होती. नाकाशी धरलेला रुमाल तिने ओशाळून खाली घेतला. "वासाचं मनावर घेऊ नका. आमच्या अंगणात घाण वर येते. बाबांमुळे."

"बाबांमुळे?"

"म्हातारं माणूस, नळ सोडला की सोडला! आता आमच्या ह्यांनी शिस्त लावलीय. दिवसाआड आंघोळ, तीही अर्ध्या बादलीत. हे शेत बाबांचंच हो. ते विकून आम्हाला इथं घर करून दिलं, आणि आम्ही त्यांनाच बोलतो. जीव तुटतो माझा. पण घरी कुणी यायला तयार नाही, काय करू?"

 परीक्षक मान खाली घालून मोजपट्टी पुसत राहिले. पट्टी केव्हाच कोरडी झाली होती. बाई नळी गुंडाळून आत गेली.

मागच्या पायरीवर तिचे वडील बसले होते. परीक्षक कुंपणाचे फाटक उघडून त्यांच्यापाशी गेले आणि पायाशी, मातीतच बसले.

"आजोबा, तुम्ही रोज आंघोळ करा. दोष तुमचा नाही. ही जागा मी चुकीची पास केली."

"ठाऊक आहे." म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. "माती भिजवली नव्हतीत तुम्ही. मी बांधावर उभा होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस वर्षं नांगरलीय ही जमीन. उन्हात अधाशी, आणि एकदा भिजली की तोंड मिटून बसते. तुम्हाला ती परकी होती, मला नव्हती. पण बोललो असतो तर व्यवहार मोडला असता. पोरीला घर हवं होतं. बसलो मूग गिळून."

"आणि आता निमूटपणे बोलणी खाता?"

"खातो. पोट मात्र भरत नाही."

परीक्षकांना हसू आले नाही. हा अहवाल खरा लिहायचा, तर त्या जुन्या सहीखाली दडलेले सारे उघडे करावे लागणार होते; आणि मग नोकरी राहील की नाही, हे सांगता येत नव्हते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

इतक्यात बाई हात पुसत दारात आली. "काय हो, दोघांचं काय गूळपीठ जमलंय?"

परीक्षक उठून उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "ताई, चार वर्षांपूर्वी इथं मी..."

म्हाताऱ्याने त्यांची बाही धरली.

"थांबा. वयानं लहान आहात तुम्ही. आधी मी."

आणि तो पायरीच्या कडेला सरकला. लेकीला बसता येईल एवढी जागा त्याने तळहाताने झाडून दिली.