दोन वळणं आधीची शिट्टी

आमच्या ह्यांचं तेरावं झालं तरी मला रडू आलं नाही. चूल पेटवायचंही सुचत नव्हतं. शेजारची लक्ष्मी पेज आणून द्यायची, ती मी गिळायचे.

नात कोमल इंजिनीअरिंगचं मोठं शिक्षण घेते. ती इथे गावी, सुर्ल्याला, माझ्यासोबत राहिली होती. दिवसभर कॉम्प्युटरसमोर, तोंड पाडून. विचारलं तेव्हा सांगितलं. नखाएवढ्या चिपमध्ये म्हणे निरोप धावतात, एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर. निरोप नसला तरी नाके जागे राहून वीज खातात. हिने रिकामे नाके झोपवले. वीज वाचली, पण निरोप प्रत्येक नाक्यावर जाणार, त्याला उठवणार, थांबणार, मग पुढे. तिचे सर म्हणाले, एवढा उशीर चालायचा नाही. शुक्रवारपर्यंत सुधार, नाहीतर विषय सोड. दोन वर्षांचं काम पाण्यात.

मी म्हटलं, "हे तर तुझ्या आजोबांचंच काम गो."

गोवा राज्य झालं त्या साली ह्यांना खाणीच्या रस्त्यावर बावटा देऊन उभं केलं. सात वळणं, वळणाला एक माणूस. ट्रक आला की बावटा दाखवायचा. पण हे उभ्या उभ्या झोपायचे. एकदा कावळ्याने डोक्यावर घरटं बांधलं, पिल्लं उडेपर्यंत ह्यांना पत्ता नाही. ट्रकवाला खाली उतरून हलवायचा. शेवटी मुकादमाने ठरवलं, ट्रक दिसला की त्या वळणावरच्याने शिट्टी मारायची, दोन वळणं पुढच्याला उठवायला.

कोमल हसली नाही. "दोन का? एक का नाही?"

"एका वळणात ह्यांचा एकच डोळा उघडायचा."

तिने कॉम्प्युटर जवळ ओढला.

शुक्रवारी सकाळी ती सरांकडे गेली. दुपारी म्हापशाच्या स्टँडवरून फोन आला. निरोप निघाला की दोन नाके पुढचा आधीच उठतो, म्हणून निरोप आता थांबत नाहीत, वीजही जवळजवळ तेवढीच वाचते, सरांनी विषय चालू ठेव म्हटलंय.

"आजी, आजोबा खरंच एवढे झोपायचे?"

"मग? कावळ्यांना विचार."

खरं तर ह्यांना वळणावर कधी डुलकी लागली नाही. शिट्टी मात्र होती. घरी येताना दोन वळणं आधी मारायचे, माझ्यासाठी. ती ऐकली की मी पेज चुलीवर ठेवायचे.

"मी म्हापशाला बसमध्ये चढते," कोमल म्हणाली. "मग डिचोली, मग तू. दोन नाके आधी सांगून ठेवते."

मी फोन ठेवला. आत काही हललं नाही. हात मात्र उठले, काटक्या मोडल्या, आगपेटी शोधू लागले.