न आलेला फेस

आरोंद्याच्या शाळेत ऋताबाई सातवीला विज्ञान शिकवायच्या. ‘रहस्यातून विज्ञान’ शिकवायला शहरातल्या एका संस्थेचा केयूर नावाचा तरुण येणार, हे कळल्यापासूनच त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. विज्ञान गोड लागावं म्हणून आता वर्गात चोऱ्या करायच्या म्हणे!

केयूर आला तो गळ्यात भिंग लटकवून. टेबलाभोवती त्याने पिवळी फीत गुंडाळली आणि आवाज घोगरा करून सांगितलं, की वाढदिवसाचा केक चोरीला गेलाय. संशयित तीन: शेजारीण, पोस्टमन आणि बेकरीवाला. जागेवर पांढरी पूड सापडलीय. तिच्यावर व्हिनेगर ओतायचं. फेस आला तर तो खाण्याचा सोडा, आणि चोर बेकरीवाला. सगळं आधीच सांगून टाकल्यावर रहस्य ते काय उरलं, असं ऋताबाईंच्या मनात आलं. पण मागच्या बाकावर शिक्षणाधिकारी बसले होते, म्हणून त्या गप्प राहिल्या.

केयूरने पाकीट फोडलं, पूड बशीत ओतली, वर व्हिनेगर. पुडीचा नुसता चिखल झाला. त्याने आणखी ओतलं. चिखल पातळ झाला.

“समजा, फेस आला,” केयूर हसून म्हणाला. “तर चोर कोण?”

मुलं एका सुरात “बेकरीवाला” म्हणाली. फक्त भक्ती उभी राहिली. घाईत ती घरची बोली बोलून गेली.

“सर, फेस इलोच नाय. मगे बेकरीवालो चोर कसो?”

उत्तर कार्डावर छापलेलं आहे, असं केयूरने तिला समजावलं. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेरा लिहिला आणि ते केयूरला घेऊन जेवायला गेले. भक्ती खाली मान घालून बसली. ते बघून ऋताबाईंचं डोकं फिरलं.

त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरातून सोडा आणवला. त्याच व्हिनेगरने तो भसाभसा फेसाळला. म्हणजे व्हिनेगर ठीक होतं, खोट पुडीत होती. मग भक्तीलाच त्यांनी उरलेल्या पुडीवर आयोडीनचा थेंब टाकायला लावला. पूड निळीकाळी पडली. सोड्याच्या नावाखाली पाकिटात पीठ भरलं होतं! घंटा झाली तरी कुणी उठेना. एवढा रंगलेला तास ऋताबाईंनी वर्षभरात घेतला नव्हता, आणि तो चोरीच्याच तपासाचा होता, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

संध्याकाळी त्यांनी केयूरला फोन लावून मुलांना पीठ सापडल्याचं सांगितलं. सगळ्या शाळांना गेलेली पाकिटं एकाच गोणीतून भरली होती, हे त्याने मान्य केलं.

“पण बाकीच्या सगळ्या शाळांनी फेस आला म्हणून कळवलंय, मॅडम. तुमच्याच मुलांचं काहीतरी चुकलं असेल.”

ऋताबाईंनी फोन ठेवला. त्या शाळांतले बहुतेक मास्तर त्यांच्या ओळखीचे होते. सभांमधून वैज्ञानिक दृष्टिकोनावर तावातावाने बोलणारे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे जसंच्या तसं वर्गात सांगितलं. भक्तीने हात वर केला.

“मगे ते सगळे खोटां बोलले, बाई?”

“हो,” ऋताबाई म्हणाल्या, आणि फळा पुसायला वळल्या.