वाटीचे दोनशे ग्रॅम

सकाळी साडेनऊला अंबूताईंचा फोन वाजला. पलीकडे एक रडवेला आवाज.

"अक्का, मी हुबळीहून दीपश्री. तुमच्या पुस्तकातला चिवडा केला. पातेलं पुरेना म्हणून बादली घेतली, अन् सगळा बेचव! सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्यात."

पुस्तक धारवाडच्या महिला मंडळाचं. त्यातल्या चौदा पाककृती अंबूताईंच्या, प्रत्येकीखाली त्यांचं नाव. त्यांनी सगळी मापं वाटीत दिली होती. पण संपादन श्रीकांत वकिलांकडे होतं, आणि हल्लीच्या मुलींना ग्रॅम लागतात म्हणून त्यांनी ती परस्पर बदलली होती.

अंबूताईंनी पान उघडलं. पातळ पोहे सोळाशे ग्रॅम! त्यांनी आठ वाट्या लिहिले होते. साखर असो, बेसन असो, सगळीकडे वाटीला दोनशे ग्रॅम. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईच्या नावावर हे छापलं होतं! त्यांची कानशिलं तापली. स्वयंपाकघरातली वाटी पिशवीत टाकून त्या थेट सुभाष रोडला गेल्या.

वकिलांचं ऑफिस भीमसेनच्या किराणा दुकानावर. अंबूताईंनी खालूनच हाक मारली, "वकीलसाहेब, खाली या!"

"पक्षकार बसलेत, अंबूताई."

"त्यांनाही आणा."

श्रीकांत खाली आले. भीमसेननं काट्यावर वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला. वाटीभर पोहे भरले तीस ग्रॅम. साखर एकशे सत्तर. शेवटी अंबूताईंनी पाणी ओतलं, तेव्हा कुठे दोनशे झाले.

"म्हणजे तुम्ही पाणी मोजलंत आणि तेच पोह्यांना लावलंत!"

गिऱ्हाइकं हसली. श्रीकांतही हसले. "एवढं काय त्यात? शुद्धिपत्रक काढू. मुद्रणदोष म्हणून लिहू."

हे ऐकलं आणि अंबूताईंचा आवाज चढला. "पुंडलिकनं तुम्ही दिलं तेच छापलं. त्या बिचाऱ्या छापखानेवाल्याच्या माथी का मारता? संपादकाची चूक, असं लिहा."

"ते जमायचं नाही. माझ्या नावाचा प्रश्न आहे."

"आणि माझं नाव काय रस्त्यावर पडलंय?"

श्रीकांत जिना चढून गेले.

मग अंबूताईंनी काटा विकत आणला. दीपश्री दोन दिवस हुबळीहून बसनं आली. अंबूताई तोलायच्या, ती लिहायची. रवा, गूळ, भाजणी, खोबरं. एकेक जिन्नस तीनदा तोलला. मंडळाच्या अध्यक्षा मंगलाताई म्हणाल्या, "संपादकाच्या चुकीचं वाक्य जरा सौम्य करा हो, वकील आपले हितचिंतक आहेत."

"चिवडा फसला तेव्हा त्या मुलीशी कोण सौम्य वागलं?" अंबूताईंनी विचारलं.

पुंडलिकनं शुद्धिपत्रक आनंदानं छापलं. वरच ठळक ओळ होती: 'वजने संपादकांनी चुकीची दिली होती. ही लेखिकेने स्वतः तोलून दिली आहेत.' उरलेल्या प्रत्येक प्रतीत तो कागद चिकटला. विकल्या गेलेल्या प्रतींसाठी अंबूताईंनी घरोघरी फोन केले.

श्रीकांत मात्र लोकांना सांगत राहिले, "पोह्यांवरून केवढा तमाशा केला बाईनं!" ते अंबूताईंच्या कानावर आलंच. पंधरा दिवसांनी श्रीकांत बाजारात समोर आले, ओशाळं हसले.

"काय अंबूताई, राग गेला की नाही?"

"नाही गेला," अंबूताई म्हणाल्या आणि मेथीची जुडी निवडायला वळल्या.