बाळ येईपर्यंत

आईच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती काढून टाका, असं सर्जन पहिल्यापासून सांगत होते. त्या दिवशी त्यांनी स्पष्टच सांगितलं, आज नाही तर मग पाय गुडघ्यापासून जाईल. सही आईनेच करायची होती आणि आईचं एकच पालुपद, "माझा बाळ आल्याशिवाय मी आत जाणार नाही."

बाळ म्हणजे आमचा भाऊ. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी बाळच. नोकरीसाठी तो परदेशात. आम्ही तिघी बहिणी मात्र हाकेच्या अंतरावर. ताईने शिवणाचं दुकान बंद ठेवून आईच्या उशाशी ठाण मांडलं होतं. मी पोस्टातलं काउंटर सांभाळून यायचे, धाकटी पोहण्याचे वर्ग उरकून ओल्या केसांनी धावत यायची. जखम धुणं, साखर तपासणं, भांडं देणं, सगळं आमच्याकडे. आणि आठवण कोणाची निघायची? न आलेल्याची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याला फोन करायचं काम ताईचं. आमच्या घरात तशी रीतच पडली होती, कारण तिने त्याला कडेवर वाढवलेलं. "त्याला जमत नाही म्हणतो," एवढंच सांगून ती दुसऱ्या कामाला लागायची. हे आईला कोण सांगणार? तेव्हा थापा मारणं आलं. तिघींनी तीन मारल्या, आणि एकमेकींना आधी विचारावं हे एकीलाही सुचलं नाही.

आईने आम्हाला पलंगाशी उभं केलं.

"ही म्हणते, तो तापाने फणफणलाय. ही म्हणते, त्याचं विमान रद्द झालं. आणि तू," ती धाकटीकडे वळली, "तू म्हणालीस, मी झोपले होते तेव्हा येऊन गेला. अंगात ताप आणि विमान नाही, तरी आला?"

धाकटीला फस्सकन हसू आलं. नर्सनेही तोंड वळवलं. आई हसली नाही.

"फोन लाव त्याला," ती मला म्हणाली.

ताई चटकन मध्ये पडली. "अगं, झोपला असेल तो आत्ता. तिकडे रात्र असते."

"मग उठेल. झिजणार नाही," मी म्हणाले. त्याला सुनवायचं ते सगळं माझ्याकडे तयारच होतं. त्याने फोन उचलला तशी मी स्पीकर लावला. "आईचा पाय जायची वेळ आली, तरी तुला सवड नाही का रे?"

"पाय?" त्याची झोप उडाली असावी. "ताई तर म्हणाली, किरकोळ जखम आहे. मी येतो म्हटलं, तर म्हणाली उगाच धावपळ करू नकोस."

ताई पलंगावरची चादर सारखी करू लागली. आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "झोपमोड झाली का रे बाळा? सावकाश ये. मी आत जाऊन येते." लगेच तिने नर्सकडे पेन मागितलं. आम्ही इतके दिवस तिच्या विनवण्या करत होतो, आणि त्याच्या दोन वाक्यांत काम झालं. याचाही मला संताप आला.

ताईला दंडाला धरून मी बाहेर नेलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पाय गेला असता तिचा."

"मला वाटलं, माझ्या शब्दावर करेल सही," ती म्हणाली. "तो आला की ती आपल्याकडे बघतसुद्धा नाही. आता जाग आली की मला हाक मारते. मलाच. असं कधी झालं होतं का?"

मला तिची चीड येत होती, भावाची येत नव्हती, आणि आईची फार येत होती.

एवढ्यात आईचं स्ट्रेचर बाहेर आलं. आमच्याजवळ आल्यावर आई ताईला म्हणाली, "त्याची खोली आवरून ठेव गं."

ताईने मान हलवली. मी स्ट्रेचर अडवून धरलं.

"खोली आवरली जाईल, आई," मी म्हणाले. "आधी हिचा हात धर."

आईने धरला, कशासाठी ते न कळता.